अडीच हजार वस्तीचं ‘शहर’ आणि दहा वर्षांचं भांडण

ऑगस्ट १९२३. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँट राज्यात, प्लिमथ नॉच नावाचं चिमुकलं खेडं. उपराष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज सुट्टीला तिथे वडिलांकडे आले होते. मध्यरात्री निरोप आला की राष्ट्राध्यक्ष हार्डिंग सॅन फ्रान्सिस्कोत वारले. घरात फोन नव्हता, त्यामुळे निरोप घेऊन माणसाला मोटारीने यावं लागलं. वीजही नव्हती. पहाटे पावणेतीनच्या सुमाराला, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, वडिलांनीच मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. ते नोटरी होते, तेवढं पुरलं. शपथ झाली आणि नवे राष्ट्राध्यक्ष परत जाऊन झोपले.

त्याच वर्षी एकट्या फोर्ड कंपनीने अठरा-वीस लाख गाड्या बनवल्या. लोक कानाला हेडफोन लावून शेकडो मैलांवरचं गाणं ऐकत होते. आणि या झगमगाटाच्या देशाचा प्रमुख रॉकेलच्या उजेडात शपथ घेत होता.

१९२० चं दशक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठरलेली चित्रं येतात: जॅझ, केस कापलेल्या मुली, अल कपोन, शेअर बाजार आणि शेवटी धडाम. चित्रं खरीच आहेत, पण ती सगळी शहरातली आहेत. मला विचाराल तर हे दशक समजून घ्यायची किल्ली एका कंटाळवाण्या सरकारी कागदात आहे. तो कागद म्हणजे १९२० ची जनगणना.

या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या साडेदहा कोटींच्या वर भरली आणि इतिहासात पहिल्यांदाच शहरात राहणारे लोक खेड्यात राहणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले, ५१ टक्क्यांच्या थोडे वर. मात्र ‘शहर’ कशाला म्हणायचं? अडीच हजार किंवा त्याहून जास्त वस्ती असलेल्या कुठल्याही गावाला. म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच बाजारगावांना अमेरिकन जनगणनेने सरळ शहरात बसवलं असतं. तरीही आकडा ५० च्या पुढे गेला याचा लोकांच्या मनावर जो परिणाम व्हायचा तो झालाच. आपला देश म्हणजे स्वतःच्या जमिनीवर राबणारा, रविवारी चर्चला जाणारा शेतकरी, असं जे मनात पक्कं बसलेलं होतं, त्याला सरकारनेच आकडा लावून तडा दिला.

आता गंमत बघा. अमेरिकेची राज्यघटना सांगते की दर दहा वर्षांनी जनगणना करायची आणि तिच्या आधारावर प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांना वाटून द्यायच्या. तोपर्यंत अडचण आली की सोपा उपाय असायचा: एकूण जागाच वाढवायच्या, म्हणजे कुणाच्या ताटातलं काढावं लागत नाही. या वेळी मात्र ४३५ च्या पुढे जायचं नाही असा सूर होता. मग डेट्रॉइट आणि लॉस एंजेलिस फुगलेत म्हणून मिशिगन-कॅलिफोर्नियाला जागा द्यायच्या, तर त्या कुणाकडून तरी काढून घ्याव्या लागणार. ज्यांच्या जागा जाणार होत्या त्या शेतीच्या राज्यांनी शंभर कारणं काढली. जनगणना १ जानेवारीची आहे, ऐन हिवाळ्यात शेतमजूर कामासाठी शहरात गेलेला असतो, म्हणून आकडाच चुकला, असंही एक. दुसरीकडे मॅसॅच्युसेट्सचे जॉर्ज टिंकम विचारत होते की दक्षिणेत काळ्या माणसांना मोजता पण मत देऊ देत नाही, मग त्यांच्या नावावर मिळालेल्या जागा घटनेप्रमाणे कमी का करत नाही? या प्रश्नाला तर कुणाला हातच लावायचा नव्हता.

शेवटी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, काय केलं? काहीच नाही. अमेरिकेच्या इतिहासात एकदाच घडलेली गोष्ट: जनगणना झाली आणि जागांचं फेरवाटप झालंच नाही. १९२२ पासून १९३० पर्यंतच्या सगळ्या निवडणुका १९१० च्या आकड्यांवर झाल्या. मतदारसंघ फेररचनेवरून आपल्याकडे चालणारी भांडणं ज्यांनी वाचली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. लोक शहरात आणि सत्ता खेड्याकडे, अशी ही दहा वर्षं. दारूबंदी, परदेशी लोकांवर बंदी, क्लॅन ही गोऱ्यांची द्वेषी संघटना, उत्क्रांतीचा खटला हे सगळं सुटं-सुटं वाचलं तर वेड्यांचा बाजार वाटतो. या एका भांडणात ठेवलं की उलगडायला लागतं.

पण आधी पैसा कुठून आला ते बघू.

पहिल्या महायुद्धात युरोप भाजून निघाला आणि अमेरिका देणेकऱ्याची सावकार झाली. कारखान्यांत वाफेच्या जागी वीज आली. फोर्डने १९१३ मध्ये गाडीचा सांगाडा माणसापुढून सरकवायला सुरुवात केली, तेव्हा तो जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासावर आला. १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळणारी ‘मॉडेल टी’ दशकाच्या मध्यावर ३०० डॉलरच्या आत आली. १९२० मध्ये देशात साधारण ८० लाख मोटारी नोंदलेल्या होत्या, १९२९ मध्ये २ कोटी ३० लाख. एक गाडी म्हणजे पोलाद, काच, रबर, पेट्रोल, डांबर, पंप, ढाबे, विमा. तिने सगळ्या उद्योगांना मागे बांधून ओढलं.

मात्र यंत्राइतकीच मोठी युक्ती होती हप्त्यांची. हेन्री फोर्ड स्वतः जुन्या वळणाचा, खेड्यात वाढलेला माणूस. कर्ज काढून चैन करणं त्याला पटायचं नाही. त्याने १९२३ मध्ये एक योजना काढली: दर आठवड्याला पाच डॉलर जमा करत जा, पूर्ण रक्कम भरली की गाडी घेऊन जा. थोडक्यात भिशीच. पण जनरल मोटर्सने १९१९ पासूनच उलटं चालवलं होतं. थोडे पैसे भरा, गाडी आज न्या, बाकीचे दर महिन्याला द्या. शिवाय दर वर्षी नवा रंग, नवं रूप, म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीपुढे आपली जुनी वाटलीच पाहिजे. लोकांनी काय निवडलं हे सांगायला नको. फोर्डची भिशी आपटली, १९२७ मध्ये ‘मॉडेल टी’ बंद पडली आणि पुढच्या वर्षी फोर्डलाही हप्त्यासाठी वेगळी कंपनी काढावी लागली. तोवर निम्म्याहून कितीतरी जास्त गाड्या हप्त्यावर विकल्या जात होत्या. रेडिओ, शिवणयंत्र, फर्निचर, सगळं तसंच. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं मानणाऱ्या समाजाने दहा वर्षांत अंथरूणच उधारीवर आणायला सुरुवात केली. मला हा बदल जॅझपेक्षा मोठा वाटतो.

याचा घरातला चेहरा बघायचा तर इंडियाना राज्यातल्या मन्सी गावात जायला हवं. रॉबर्ट आणि हेलन लिंड या अभ्यासक नवरा-बायकोने १९२४-२५ मध्ये तिथे मुक्काम टाकून लोक कसे जगतात त्याच्या बारीकसारीक नोंदी केल्या. मोडकळीला आलेल्या ज्या घरांसमोर मोटार उभी होती अशी २६ घरं त्यांनी पाहिली, तर त्यातल्या २१ घरांत अंघोळीचा टब नव्हता. एका बाईने त्यांना सांगितलं की प्रसंगी उपाशी राहीन, पण गाडी सोडणार नाही. रविवारी चर्चला दांडी मारून माणसं फिरायला जाऊ लागली. मुलगा-मुलगी पूर्वी घरच्या ओसरीवर आईच्या नजरेसमोर बसायची, ती आता मोटारीतून गावाबाहेर जाऊ लागली. पाद्री, न्यायाधीश, आया, सगळ्यांची झोप उडाली. पोरं बिघडली म्हणून शहराला शिव्या घालायच्या, पण गाडी मात्र आपल्याच दारात!

सुबत्ता सगळीकडे सारखी पोचली नव्हती हेही इथेच सांगायला हवं. १९३० पर्यंत देशातल्या दोन तृतीयांश घरांत वीज आली, पण शेतावरच्या घरांत दहातल्या एकाकडेच. शेतकऱ्याची तर कंबर आधीच मोडली होती. युद्धाच्या काळात गव्हाला बुशेलमागे (हे तिथलं धान्याचं माप) दोन डॉलरच्या वर भाव होता. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, ट्रॅक्टर घेतले. युरोपची शेती सावरली आणि १९२१ पर्यंत भाव निम्म्यावर आला. कर्ज मात्र पूर्ण भावाचं. गावोगावच्या छोट्या बँका एकामागून एक बुडाल्या. शिल्लक माल सरकारने रास्त भावाने उचलावा अशी, आजच्या हमीभावाच्या जवळ जाणारी योजना काँग्रेसने दोनदा मंजूर केली. १९२७ आणि १९२८ मध्ये कूलिजनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. रॉकेलच्या दिव्याखाली शपथ घेतलेला हा खेड्यातला माणूस अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्या सल्ल्याने चालत होता, आणि मेलन श्रीमंतांवरचा सर्वांत वरचा प्राप्तिकर ७३ टक्क्यांवरून २५ वर आणण्यात गुंतले होते. म्हणजे खेड्याच्या हाती राजकीय वजन होतं, पण ते खिशाच्या प्रश्नावर कधी चाललं नाही. चाललं ते धर्म, दारू आणि परके लोक या विषयांवर.

दारूपासून सुरू करू. अठरावी घटनादुरुस्ती जानेवारी १९१९ मध्ये मंजूर झाली आणि १७ जानेवारी १९२० पासून लागू झाली. दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं बंद. पिणं बंद नव्हतं, हे लक्षात ठेवा. ज्यांनी आधीच तळघरं भरून ठेवली त्यांना घरात बसून प्यायची मुभा होती. हा कायदा आला कसा? एक तर दारुड्या नवऱ्यांमुळे उद्ध्वस्त झालेले संसार खरे होते आणि बायकांच्या संघटना चाळीसेक वर्षं त्यासाठी झगडत होत्या. त्यांची थट्टा करणं सोपं आहे, पण मला ते योग्य वाटत नाही. दुसरं, १९१३ मध्ये प्राप्तिकर आला, त्यामुळे दारूच्या कराशिवाय सरकारचं भागेना अशी स्थिती राहिली नाही. तिसरं, महायुद्धात जर्मन म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा यायचा आणि बिअरच्या मोठ्या कारखान्यांवरची नावं जर्मन होती. आणि चौथं, जे कुणी उघड बोलायचं नाही: गुत्ता ही शहरातल्या आयरिश, जर्मन, इटालियन मजुरांची बसायची जागा होती. तिथेच नोकरी लागायची आणि मतंही तिथेच ठरायची. गुत्ता मोडला की त्यांचं राजकारणही मोडणार होतं. दुरुस्तीला मंजुरी द्यायची होती राज्यांच्या विधिमंडळांनी, आणि तिथे खेड्यांचं पारडं जड होतं.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण पळवाटा बघण्यासारख्या आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून दहा दिवसांतून एकदा पाइंटभर व्हिस्की मिळायची. अमेरिकेची प्रकृती अचानक बिघडली. चर्चच्या विधींसाठी वाइन चालायची. घरी फळांचा रस करायला परवानगी होती, म्हणून कॅलिफोर्नियातल्या द्राक्षवाल्यांना बरे दिवस आले. आटवलेल्या द्राक्षरसाच्या विटा मिळायच्या आणि सोबत इशारा असायचा: पाण्यात विरघळवून हे मिश्रण वीस दिवस कपाटात ठेवू नका, नाहीतर त्याची वाइन होईल. दुसरीकडे, कारखान्यांसाठीचं अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून सरकार त्यात विषारी द्रव्यं मिसळायला लावत होतं. ते प्यायचे ते गरीब, आणि मरायचेही तेच. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये कितीतरी माणसं अशी गेली. श्रीमंतांकडे कॅनडातली अस्सल बाटली पोचत होती. ती पोचवणाऱ्यांतूनच शिकागोचा कपोन मोठा झाला. अमेरिकेच्या दारूबंदीची कथा आपल्याला अगदीच परकी नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने प्यायला परवाना लागू लागला आणि त्यातूनच आपल्याला ‘परमिट रूम’ हा शब्द मिळाला.

चोरट्या गुत्त्यांचा एक परिणाम मात्र दारूबंदीवाल्यांच्या स्वप्नातही नव्हता. जुन्या गुत्त्यात बायका जात नसत. नव्या, दारावर टकटक करून आत जायच्या अड्ड्यांत स्त्री-पुरुष एकत्र बसू लागले.

बायकांचा विषय निघालाच आहे तर मताधिकाराचंही सांगतो. एकोणिसावी दुरुस्ती ऑगस्ट १९२० मध्ये टेनेसीच्या विधिमंडळात एका मतावर अडली होती. हॅरी बर्न नावाचा २४ वर्षांचा आमदार विरोधकांचं लाल गुलाबाचं फूल कोटाला लावून आला होता. खिशात मात्र आईचं पत्र होतं: बायकांच्या बाजूने मत दे. त्याने आईचं ऐकलं. लगेच पुढाऱ्यांना धसका बसला की आता बायका एकगठ्ठा मत देणार. म्हणून १९२१ मध्ये बाळंतीण आणि बाळाच्या आरोग्यासाठी केंद्राचा पैसा देणारा कायदा झटपट झाला. दोन-तीन निवडणुकांनंतर लक्षात आलं की बायकाही नवऱ्यांसारख्याच विखुरलेल्या मतदान करतात. भीती गेली आणि १९२९ मध्ये त्या योजनेचा पैसाही बंद झाला. आखूड झगा आणि कापलेले केस यांचे फोटो खूप दिसतात, पण लग्न झालेल्या बायकांपैकी नोकरी करणारी १९३० मध्येसुद्धा दहात जेमतेम एक होती.

आता परक्यांविषयी. १९२१ मध्ये आणि मग १९२४ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्यांवर देशवार कोटा लावला. १९२४ च्या कायद्यातली मेख अशी: तुमच्या देशाचे जेवढे लोक अमेरिकेत आहेत त्याच्या २ टक्के दर वर्षी येऊ शकतील. कुठल्या वर्षी होते त्याच्या? १९२० च्या नाही, १९१० च्याही नाही, तर १८९० च्या जनगणनेप्रमाणे! कारण इटालियन, ज्यू, पोलिश लोकांचे लोंढे त्यानंतर आले. जर्मनीला ५१ हजारांच्या वर जागा मिळाल्या आणि इटलीला ३,८४५. इथेही हत्यार जनगणनाच. जागा वाटायची वेळ आली तेव्हा ताजी जनगणना नको होती, माणसं अडवायची वेळ आली तेव्हा चौतीस वर्षांपूर्वीची हवी होती.

आशियाई लोकांना दार जवळपास बंदच होतं. या गोष्टीत एक मराठी वळणाचं नाव येतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचा खटला १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. नागरिकत्व ‘गोऱ्या’ माणसालाच मिळायचं. तीनच महिन्यांपूर्वी ओझावा या जपानी गृहस्थांना याच न्यायालयाने सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. थिंड म्हणाले, तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन आहेत, मग मी बसतो. न्यायालयाने चटकन भूमिका बदलली: शास्त्र काय म्हणतं ते सोडा, सामान्य माणूस गोरा कुणाला म्हणतो ते बघा. थिंड हरले. त्यांचे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. या निकालानंतर आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांचं नागरिकत्व काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली, आणि १९१४ मध्ये नागरिक झालेल्या पंडितांवरही नोटीस आली. या वेळी ते वंशाच्या वादात शिरलेच नाहीत. त्यांचं म्हणणं असं की तुम्ही मला नागरिक केलंत, त्या भरवशावर मी भारतातले हक्क सोडले, इथे वकिली उभी केली, जमीन घेतली, अमेरिकन बाईशी लग्न केलं. आता तुम्हाला शब्द फिरवता येणार नाही. १९२६ मध्ये अपिलीय न्यायालयात ते जिंकले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. कायद्याच्या वर्गात या माणसाबद्दल जास्त शिकवायला हवं असं मला फार वाटतं.

भीतीचं सर्वांत कुरूप रूप म्हणजे कू क्लक्स क्लॅन. पण १९२० च्या दशकातली क्लॅन ही फक्त दक्षिणेतली, फक्त काळ्यांच्या विरुद्धची टोळी नव्हती. ती इंडियाना, ओहायो, ओरेगन इथे फोफावली आणि तिचा राग कॅथलिक, ज्यू, बाहेरून आलेले आणि चोरटी दारू विकणारे अशा सगळ्यांवर होता. तिच्या वाढीचं गणित आपल्याला ओळखीचं वाटेल. सभासदाकडून दहा डॉलर घ्यायचे, त्यातले चार आणणाऱ्या दलालाला, उरलेले वरच्या पायऱ्यांवर वाटायचे. झगा-टोपी कंपनीकडूनच विकत घ्यायची. थेट चेन मार्केटिंग! प्रसिद्धीचं काम पगारी व्यावसायिक करत होते. नव्या जगाचा द्वेष विकायला नव्या जगाचीच विक्रीकला. सभासदांचे अंदाज तीस ते पन्नास लाखांपर्यंत जातात. इंडियानात तर राज्यपालही त्यांच्या मर्जीतला होता. मग तिथला क्लॅनप्रमुख डी. सी. स्टीफन्सन १९२५ मध्ये एका तरुणीवरच्या अत्याचारातून झालेल्या तिच्या मृत्यूबद्दल खुनी ठरला. राज्यपालाने माफी दिली नाही म्हणून चिडून त्याने कुणाकुणाला पैसे दिले त्याचे कागद बाहेर काढले. नीतिमत्तेचे रखवालदार असे उघडे पडल्यावर क्लॅन झपाट्याने ओसरली.

काळ्या माणसांचं दशक वेगळंच चाललं होतं. कपाशीच्या बोंडातल्या सोंडकिड्याने (आपली बोंडअळी नव्हे, हा वेगळा) दक्षिणेची शेती पोखरली होती, वर झुंडींच्या हातचं मरण होतं. लाखो माणसं रेल्वेने शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे निघाली. न्यू ऑर्लिन्सचा लुई आर्मस्ट्राँग १९२२ मध्ये शिकागोला आला तो याच वाटेने. हार्लेममध्ये कवी, चित्रकार, वादक जमले. पण तिथल्या कॉटन क्लबमध्ये ड्यूक एलिंग्टन वाजवत असताना समोर बसायचा हक्क फक्त गोऱ्यांना होता. १९२१ मध्ये टल्सा शहरातली ग्रीनवुड ही काळ्यांची सधन वस्ती झुंडीने जाळून टाकली. झुंडबळींविरुद्धचा कायदा १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहात पास झाला आणि दक्षिणेच्या सिनेटरांनी बोलत राहून तो मारला.

टेनेसीतला उत्क्रांतीचा खटला मात्र जरा थांबून बघू, कारण तो वाटतो तेवढा सरळ नाही. मार्च १९२५ मध्ये राज्याने शाळेत उत्क्रांती शिकवायला बंदी केली. नागरी हक्कांच्या एका संघटनेने जाहिरात दिली की कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खर्च आम्ही करू. डेटन गावातली काही मंडळी रॉबिन्सनच्या औषधाच्या दुकानात बसली होती. गावाची खाण बंद पडलेली, धंदा बसलेला. त्यांनी विचार केला, खटला आपल्याकडेच झाला तर गावाचं नाव होईल. जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकाला बोलावलं. त्याने बदली शिक्षक म्हणून जीवशास्त्र घेतलं होतं, पण उत्क्रांती शिकवली का ते त्यालाही नीट आठवत नव्हतं. राज्याने नेमलेल्या पुस्तकातच तो धडा होता, आणि शाळा मंडळाचा अध्यक्ष असलेला रॉबिन्सन ते पुस्तक त्याच दुकानात विकत होता!

जुलैच्या उकाड्यात डेटनला जत्रा भरली. माकडं आली, पत्रकार आले, शिकागोच्या रेडिओ केंद्राने खटला थेट ऐकवला. फिर्यादीच्या बाजूने जुने पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन, बचावाला नामांकित वकील क्लॅरन्स डॅरो. डॅरोने ब्रायनलाच बायबलचा तज्ज्ञ म्हणून साक्षीला बोलावलं आणि मोकळ्या हिरवळीवर, हजारो लोकांसमोर, त्याची दमछाक केली. शहरी वर्तमानपत्रं खदखदून हसली. पाच दिवसांनी ब्रायन वारले. पण हा माणूस आयुष्यभर शेतकऱ्यांसाठी लढलेला होता. ‘बलवान तोच टिकतो’ हे तत्त्व माणसांना लावलं तर गरिबाला कोण विचारणार, ही त्याची भीती निराधार नव्हती. त्या शालेय पुस्तकात ‘हीन’ माणसांची पैदास रोखावी असाही मजकूर होता. ब्रायन विज्ञानाबद्दल चुकला, पण हसणाऱ्यांचेही हात स्वच्छ नव्हते. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला, तो पुढे तांत्रिक चुकीवर रद्द झाला. कायदा १९६७ पर्यंत तसाच राहिला.

हे सगळं भांडण एकाच छपराखाली बघायचं असेल तर १९२४ चं डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन बघा. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जून-जुलैचा उकाडा, रेडिओवर थेट प्रक्षेपण. एका बाजूला विल्यम मॅकअडू, दक्षिण-पश्चिमेच्या खेड्यांचा, दारूबंदीचा उमेदवार. दुसऱ्या बाजूला अल स्मिथ, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला कॅथलिक, दारूबंदीच्या विरुद्ध. क्लॅनचा नाव घेऊन निषेध करायचा की नाही यावर मतदान झालं आणि ठराव जेमतेम एका मताने पडला. उमेदवार निवडायला दोन तृतीयांश मतं लागायची, ती कुणालाच मिळेनात. मतदानाच्या १०३ फेऱ्या झाल्या. शेवटी थकून जॉन डेव्हिस नावाच्या तिसऱ्याच माणसाला उभं केलं आणि तो कूलिजकडून सपाटून हरला.

चार वर्षांनी अल स्मिथला उमेदवारी मिळाली. समोर रिपब्लिकन पक्षाचे हर्बर्ट हूवर. रेडिओवर स्मिथचा न्यूयॉर्की हेल ऐकून खेड्यातल्या माणसाचं मत आणखीच पक्कं झालं. राज्यवार निर्वाचक मतांत हूवर ४४४ विरुद्ध ८७ असे प्रचंड जिंकले. पण देशातल्या सर्वांत मोठ्या बारा शहरांची बेरीज केली तर स्मिथ किंचित पुढे होता. तिथेच चार वर्षांपूर्वी रिपब्लिकन बारा लाखांहून अधिक मतांनी पुढे होते. पुढच्या वीस वर्षांचं अमेरिकन राजकारण त्या बेरजेत दडलेलं होतं.

१९२९ च्या पडझडीवर ढीगभर लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. शेअरही हप्त्याच्याच वृत्तीने घेतले जात होते: थोडे पैसे आपले, बाकी दलालाकडून उसने, तारण म्हणून तेच शेअर. भाव चढतोय तोवर सगळे हुशार. डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता, जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. ज्या घराने हप्त्यावर गाडी आणि रेडिओ घेतला होता त्याने नवीन काही घेणं थांबवलं, कारखान्यांनी माणसं काढली, त्यांचे हप्ते थकले. शेतकरी तर या खड्ड्यात नऊ वर्षं आधीच पडलेला होता.

त्या पडझडीच्या चार महिने आधी, जून १९२९ मध्ये, काँग्रेसने अखेर फेरवाटपाचा कायदा केला. १९३० च्या जनगणनेनंतर २१ राज्यांच्या जागा कमी झाल्या. एकट्या कॅलिफोर्नियाच्या ११ वरून २० झाल्या. मग दारूबंदी उठवायची वेळ आली. काँग्रेसने १९३३ मध्ये एकविसावी दुरुस्ती राज्यांकडे पाठवली, पण मंजुरीसाठी विधिमंडळांकडे जायचं नाही असं ठरवलं. विधिमंडळांत अजून खेड्यांचंच वजन होतं आणि दारूबंदीवाल्यांचा दबाव तिथेच चालायचा. त्याऐवजी प्रत्येक राज्यात लोकांनी खास याच कामासाठी प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांच्या सभेने मत द्यायचं. अमेरिकेच्या घटनेत ही वाट आजवर एवढ्या एकाच दुरुस्तीसाठी वापरली गेली. ५ डिसेंबर १९३३ ला लागणारं छत्तिसावं राज्य मिळालं. ते होतं यूटा, मद्याला धर्मानेच मनाई असलेल्या मॉर्मन लोकांचं राज्य.